मी कुंडी होणार नाही

मी होडी बोलतेय. शिडाची होडी. राहते पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. आणि सगळ्यात आधी एक गोष्ट ऐकून ठेवा. मी कुंडी नाही, मी कुंडी होणार नाही, आणि माझ्या पोटात माती भरून शेवंती लावायची भाषा जो कुणी करेल, त्याला मी आधी पाण्यात ओढीन आणि मग त्याच्याशी बोलेन.

मी रागात आहे असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. तुम्हाला उलटं पालथं घालून तुमच्या अंगावर कुणी पापड वाळत घातले असते, तर तुम्हीही गोड बोलला नसता.

माझा जन्म कोकणातला, रत्नागिरीकडच्या एका खाडीवरचा. दोघा सुतारांनी मला माडाच्या सावलीत बांधलं. सागवानाचा सांगाडा आणि वर पाण्याला दाद न देणारी प्लाय. अंगानं मी लहानखुरी. दोन माणसं ऐसपैस बसतात, तिसरं बसलं तर त्यानं हातपाय आखडून घ्यावेत.

माझ्या बुडाला मधोमध एक लांबट फट आहे. बूड म्हटलं की पोरं हसतात, हसू द्या. तर ही फट मोडतोडीची नाही, जन्मापासूनची आहे. तिच्याभोवती आत उंच चौकट आहे, म्हणून एरवी पाणी आत येत नाही, आणि तिच्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात. वारा शिडाला बाजूनं ढकलू लागला की ती फळी पाण्यात पाय रोवते, आणि मी आडवी घसरायच्या ऐवजी सरळ पुढं पळते. फळी नसली तर मी निव्वळ खेकडा. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं ह्या फटीवरून रामायण घडलं आहे.

कोकणातून मी थेट लष्करात गेले. पुण्याकडच्या एका तळ्यावर जवानांना शीड शिकवायचं काम होतं. शिकवणारा होता हवालदार हंबीरराव, आमच्या ह्याच गावचा, उसाच्या मळ्यातून भरती झालेला गडी. आवाज असा की तळ्याच्या पलीकडची बदकं उठायची. "एऽ, दोरी ओढ! झोपलास काय रं!" पोरं त्याला घाबरायची. मी नाही घाबरले. सुकाणूवर त्याचा हात हलका असायचा, तो मला ठाऊक होता.

दर उन्हाळ्यात तो मला उलटी करून माझं बूड घासायचा. पॉलिश पेपर काय चीज आहे, हे ज्याच्या अंगावरून तो फिरलाय त्यालाच कळतं. आधी जाड पेपर, मग बारीक. जुना रंग सालपटं होऊन निघतो, अंगाची आग आग होते. पण मी कधी कुरकुरले नाही. बूड घासायला घेतलं म्हणजे आपल्याला पाण्यात घालणार, एवढं मला कळत होतं. नुसतं ठेवून द्यायचं असतं त्या वस्तूचं बूड कोण घासत बसतो?

हंबीरराव सुभेदार होऊन निवृत्त झाला, त्याच सुमाराला मीही कंडम ठरले. लष्करात वय झालं की माणसाला पेन्शन देतात आणि होडीला भंगारात काढतात. हंबीररावानं साहेबांच्या पाया पडून मला मागून घेतलं आणि उसाच्या ट्रॉलीत घालून गावाला आणलं. शीड, डोलकाठी, फळी, सगळा संसार सोबत.

दारात त्याची बायको बनुबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं नवऱ्यावरून तुकडा ओवाळला, मग ट्रॉलीकडं बघितलं.

"ही कोण आणि?"

"होडी हाय. शिडाची."

"नदीवर काय होड्या कमी हायत्या?" ती म्हणाली. "जन्मभर हिच्यासंगं ऱ्हायलात, आता घरात बी आणलीसा. सवतच म्हना की!" आणि तुकडा टाकून आत निघून गेली. त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव सवत.

आमच्या कृष्णेवर होड्या खूप. शर्यतीसुद्धा होतात, काठावर माणूस मावत नाही. पण त्या सगळ्या वल्ह्याच्या. ज्याच्या दंडात जोर त्याची होडी पुढं, हा इथला हिशोब. पहिल्यांदा माझं शीड वर चढलं तेव्हा घाटावरून कोंडीबा ओरडला, "सुभेदार, धोतार वाळत घातलंय व्हय?" हा कोंडीबा शर्यतीतला जुना गडी, साऱ्या गावाचा होडीतला गुरू. सगळा घाट हसला. मग वारा भरला आणि मी कुणी हात न हलवता प्रवाहाच्या उलट अंगाला चालू लागले, तसा सगळा घाट उठून उभा राहिला.

पुढं हंबीररावानं अख्ख्या गावाला माझ्यात बसवलं. मास्तर बसले, भाचेकंपनी बसली, पलटणीतले मित्र जतहून आले तेही बसले. बनुबाई घाटावर धुणं धूत असायची. मान वर करून बघायची, परत खाली घालायची. तिच्या मनात काय आहे हे मला तेव्हा कळलं नाही. नवऱ्याला तर त्याहून नाही.

मग तो मोठा पूर आला. पुरात शीड काय कामाचं? डोलकाठी उतरवली, फळी काढून ठेवली आणि वल्ह्यांवर माणसं ओढायला सुरुवात केली. म्हाताऱ्या, लेकरं, शेळ्या, ट्रंका. एवढं वजन झाल्यावर फटीतून पाणी उसळून आत यायला लागलं. कोंडीबा वल्हं मारत होता, तो दचकला. "आरं देवा! सुभेदार, हिच्या बुडाला भोक हाय की!" हंबीरराव सांगतोय तोवर ह्यानं मला पालथी घालून फटीत गोणपाट कोंबलं आणि वर कढत डांबर ओतलं. उरलेलं डांबर वाया जाऊ नये म्हणून सगळ्या बुडाला फासलं. त्याची नियत चांगली होती, त्या दिवसांत त्याचा उपयोगही झाला. म्हणून मी त्याला शिव्या देत नाही. पण शिडाच्या होडीचा पाय बांधून ठेवलास रे बाबा, एवढं म्हणतेच.

पूर ओसरला. दिवसचे दिवस पाण्यात उभं राहून हंबीररावाचे गुडघे कामातून गेले. मला परसात चिंचेखाली पालथी घातली, आणि तो पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला, नदीकडं पाठ करून.

मग माझी जी विटंबना झाली ती काय सांगू! बनुबाईला सपाट उंच जागा मिळाली. माझ्या बुडावर लुगडं अंथरून तिनं कुरडया घातल्या, सांडगे घातले, पापड घातले. खाली कोंबड्या शिरल्या आणि माझ्या पोटात बसून अंडी उबवायला लागल्या. जिनं तळ्यावर शर्यती मारल्या, ती आता कोंबड्यांची बाळंतपणं करत होती.

तरी मी तग धरला. एक दिवस कुणीतरी मला पलटी करेल, ह्या हट्टावर.

ह्या वर्षी भादव्यात त्यांचा मुलगा इंद्रजित परसात आला. पोरगा वाईट नाही, हौशी आहे. कडेगावच्या रस्त्याला त्यानं हॉटेल बांधलंय आणि त्याला दाराशी काहीतरी भारी पाहिजे होतं. माझ्यावर टिचकी मारून म्हणाला, "आबा, ही सडून जाण्यापरास हॉटेलपुढं ठिवू. आत माती, शेवंती, वरनं लायटिंग. लोकं फोटो काढत्याल. बुडाला चार भोकं पाडली की पाणी निचरंल."

मी हंबीररावाकडं बघत राहिले. आता उठेल, आता आवाज चढवेल. त्यानं मानही वळवली नाही. "ने," म्हणाला.

एवढंच. ने. लष्करानं कंडम केलं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

"दसऱ्याला उद्घाटन हाय," इंद्रजित म्हणाला. "मेस्त्री कवा आणू भोकं पाडाया? उंद्याच आणतो."

बनुबाई पापड उलटत होती. गोड आवाजात म्हणाली, "उंद्या नगं बाबा. आता पितरं हायत, मग घट बसत्यात, घरात ठोकाठोकी नगं. दसऱ्याच्या आदल्या दिशी आण."

"चालतंय की."

मी मनात म्हटलं, वा गं सवती! मुहूर्तसुद्धा काढून दिलास माझ्या मरणाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई खुरपं घेऊन आली. कोंबड्या हाकलल्या, पदर खोचला आणि माझ्या बुडावरचं डांबर खरवडायला लागली. मला वाटलं, हिला भोकं पाडायची एवढी घाई झाली की काय! पण ती भोकं पाडत नव्हती. सकाळच्या गारव्यात डांबर कडक असतं, खुरप्याच्या टोकानं त्याच्या खपल्या उडतात. ऊन चढलं की ते चिकट होतं आणि बांगड्यांना लागतं. हे कळल्यावर ती रोज पहाट फुटताच यायची, ऊन आलं की उठायची.

शेजारची सुलाबाई कुंपणावरून बघत होती. "काय बनुबाय, शेतातल्या तणाची भांगलण सपली व्हय? आता होडी भांगलाया लागलीस?"

"माज्या घरची हाय. भांगलीन न्हाईतर पेरीन. तुला काय करायचंय?"

अगदी माझ्याच तोंडचं बोलली. तेव्हापासून ती मला आवडायला लागली.

डांबर निघालं, उरलेलं तिनं रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. मग पलूसहून पॉलिश पेपर आणला आणि घासायला बसली. आता गंमत ऐका. बाईनं जन्मभर भुई सारवलेली. ती पेपर फिरवायची तो सारवणासारखाच, अर्धगोल, एकापुढं एक. सराव हाताचा, त्याला ती तरी काय करणार! माझ्या बुडावर सगळे वेटोळे उठले. असल्या बुडाला पाणी जागोजाग धरून ठेवतं, चालू देत नाही.

पडवीतल्या खुर्चीची पाठ आमच्याकडं. पण आवाज कानाला कळतो. खर्रर्र, वळण, खर्रर्र, वळण. हंबीरराव चुळबुळायला लागला. घसा खाकरला. अर्धा उठला, परत बसला. शेवटी त्याला राहवेना.

"अगं, भुई सारवतीयास का होडी घासतीयास? लांबीच्या दिशेनं! तोंडाकडनं शेपटाकडं! सरळ!"

"मग या की हितं," ही हात न थांबवता म्हणाली. "खुर्चीत बसून हुकूम कुणाला सोडताय? तुमची पलटण पुण्याला ऱ्हायली."

तो आला. काठी टेकत, गुडघ्यांना शिव्या घालत, पण आला. पेपर तिच्या हातातून काढून घेतला, एका लाकडी ठोकळ्याला गुंडाळला आणि तोंडापासून शेपटापर्यंत एक लांब हात मारला. किती वर्षांनी तो हात माझ्या अंगाला लागला! मी लाकडाची आहे म्हणून बरं, नाहीतर रडले असते.

मग तो घासायचा, ती घासायची. त्यानं तिला बोट फिरवून खरबरीत जागा ओळखायला शिकवलं. एका सकाळी मधोमध राहिलेलं डांबर काढताना तिचं खुरपं आत गेलं आणि गोणपाटाची चिंधी वर आली.

"आवं, भोक! भोक पडलं!"

"भोक न्हवं. तिचा पाय हाय तिथं. कोंडीबानं बुजवलाय." त्यानं फटीचं सगळं काम तिला समजावून सांगितलं. "फळी कुठं गेली कुणास ठावं."

बनुबाई गोठ्यात गेली आणि पेंडीच्या पोत्याखालून माझी फळी ओढत घेऊन आली. "ही व्हय? म्या म्हनलं, चांगली हाय, ओल लागत न्हाई पोत्याला."

हंबीरराव हसला. मग जरा वेळानं त्यानं विचारलं, "न्यायची तर हाय पोराला. मग कशापायी येवडं करतीयास?"

ती ठोकळा ठेवून त्याच्याकडं वळली. "मला बसायचंय हिच्यात."

"तुला?"

"मग! गावाला बसवलंत. पावण्यारावळ्यांस्नी बसवलंत. कोंडीबाच्या शेळ्या बी बसल्या. म्या आपली घाटावर धुनं आपटत बगत ऱ्हायले."

"तू कवा म्हनलीस?"

"तुमी कवा इचारलंत?"

तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुला पाण्याचं भ्या वाटतंय."

"वाटतंय की. म्हनून काय बसूच नये व्हय?"

तिनं ठोकळा परत उचलला आणि घासायला लागली. इतकी वर्षं ही बाई माझा मत्सर करते असं मी समजत होते. तिला मी नकोशी नव्हते, तिला माझ्यात जागा हवी होती. हे कळलं आणि माझा जीव तिच्यासाठी तुटला.

भेगांत लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरली, परत पेपर मारला, प्रायमर लावला. रंगावरून भांडण झालं. त्याला लष्करी करडा हवा होता. ती म्हणाली, बेंदराला बैलांच्या शिंगांना लावतो तसला तांबडा. शेवटी बूड तांबडं झालं. नवरात्रात पावसाची एक सर आली, तर बनुबाई उपाशीपोटी अनवाणी धावली आणि उसाच्या गाडीची ताडपत्री माझ्यावर टाकली. इंद्रजित येताजाता बघायचा आणि खूश व्हायचा. "वा आई! रंग बी दिलास! फोटो झकास येत्याल!" ती नुसती हसायची.

आणि तो दिवस उजाडला. इंद्रजित ट्रॉली घेऊन आला, सोबत मेस्त्री आप्पासो. आप्पासोनं धुतलेले कपडे घातलेले, कपाळाला गंध, आणि हात मोकळे.

"मशीन कुठाय?" इंद्रजितनं विचारलं.

"आवं, आज खंडेनवमी न्हवं का? मशीन पूजेला बसलीया. आज हत्याराला हात लावत न्हाई म्या. तुमी ट्रॉलीत चढवाया बोलावलं म्हनून आलो."

"मग उंद्या?"

"उंद्या दसरा. सणाला कोण लाकूड भोसकत बसतंय?"

इंद्रजितनं आईकडं बघितलं. "आई! तूच म्हनलीस ह्याच दिशी आण म्हनून!"

"म्हनले की," बनुबाई म्हणाली आणि परसाकडं बोट केलं. तिथं नांगर, कोयते, खुरपं, ट्रॅक्टर, घरची सगळी कामाची औतं धुऊन ओळीनं मांडलेली. आणि ओळीच्या शेवटी मी, पहाटेच सुलटी केलेली. डोलकाठी उभी, नाकाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. "खंडेनवमीला पूजलेलं औत वरीसभर मोडायचं न्हाई. ह्या घरची रीत हाय, तुज्या आजापास्नंची."

पोरगं आईचंच. तेही वकिलीला उतरलं. "आई, पूजा चालत्या औताची असती. ही काय चालतीया?"

तेव्हा हंबीरराव बोलला, आणि तळ्यावरचा तो जुना आवाज मला ऐकू आला. "उंद्या सांच्याला घाटावर ये. पल्याड जाऊन माघारी आली तर ती औत. न्हाई आली तर तुजी. पाड भोकं, लाव शेवंती."

सगळं आता माझ्यावर होतं. इतक्या वर्षांनी पाण्यात पडणार, भेगा धरतील की नाही ठाऊक नाही, सुभेदाराचे गुडघे असे, आणि सोबतीला कधी होडीत न बसलेली बाई. पण भीती मी चिंचेखालीच सोडून आले होते.

दसऱ्याला संध्याकाळी गाव सीमोल्लंघनाला निघतं. आमच्या गावची एक शीव नदीच्या पलीकडं. सगळे घाटावर थबकले, मोबाईल वर करून. पूर्वेचा वारा नदीला तिरका लागत होता. आम्ही पाण्यात उतरलो आणि पहिल्याच झुळकीला मी आडवी घसरायला लागले. फटीतून थोडं पाणी वर उसळलं. कोंडीबा ओरडला, "भोक हाय तिला, सुभेदार! माघारी फिरा!"

"फळी सोड!" हंबीरराव गरजला. बनुबाईनं दोन्ही हातांनी फळी खाली दाबली.

माझा पाय मोकळा झाला. शीड फुगलं, मी एका अंगावर कलले आणि सुटले! तांबड्या गुळगुळीत बुडाखालून पाणी असं सरकत होतं की मी आनंदानं ओरडले असते. बनुबाई मात्र खरंच ओरडली. आधी भीतीनं, मग कशानं ते तिलाच ठाऊक.

मध्यावर हंबीररावाचा गुडघा धरला. त्याला बाजू बदलता येईना. "सुकाणू घे," तो म्हणाला.

"म्या?"

"मग काय कोंडीबाला बोलवू?"

तिनं सुकाणू धरलं. पहिल्यांदा गच्च, मारक्या बैलाची वेसण धरल्यागत. मग हळूहळू ढिलं. पलीकडच्या काठाजवळ त्यानं दोरी सांभाळली आणि तो म्हणाला, "आता ढकल. न घाबरता. आता!" तिनं ढकललं. शीड डोक्यावरून पलीकडं गेलं, मी गर्रकन वळले आणि आम्ही माघारी निघालो. घाटावर शिट्ट्या, टाळ्या, कल्लोळ.

इंद्रजित हातात आपट्याची पानं घेऊन पाण्यात गुडघाभर उतरला होता. तोही हसत होता. "आई, मान्य! औत हाय, औत! भोकं न्हाईत पाडत! आता काठाला लाव, सोनं द्यायचंय!"

"वळवायचं तेवडं शिकवलंय रं तुज्या आबानं," बनुबाई ओरडली. "थांबवायचं अजून शिकवलं न्हाई!"

खोटं बोलत होती. थांबवायचं कसं ते त्यानं तिला अर्ध्या नदीतच सांगितलं होतं, आणि तिला ते कळलंही होतं. सुकाणूवरचा हात मला फसवू शकत नाही. काठ हाताशी आला तेव्हा तिनं हंबीररावाकडं बघितलं, त्यानं दोरी ओढली, आणि तिनं सुकाणू पुन्हा ढकललं.

तुम्हीही काठावर उभे असाल तर घरी जा, जेवून घ्या. आम्हाला वेळ लागेल.